थांबलेली वाट : नागपूर–रायपूर रस्ता आणि सीमेवरचा काळ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



रायपूरच्या जयस्तंभ चौकातून मालवीय मार्गाने चालू लागले की थोड्याच अंतरावर गोल बाजार लागतो. शहरातील ही सर्वांत जुन्या बाजारपेठांपैकी एक. पूजेचे साहित्य, लग्नाचा बस्ता, मसाले, जडीबुटी, तांब्यापितळेची भांडी, बांबूच्या टोपल्या, शेवटच्या यात्रेचे सामान, असे सारे तेथे मिळते. जन्मापासून मरणापर्यंत माणसाला जे लागते ते गोल बाजारात आहे, असे रायपूरकर म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. मात्र यातले पुष्कळसे त्या बाजारात पिकलेले वा घडलेले नसते. ते कुठून तरी आलेले असते आणि येताना वाटेत कुठे तरी थांबलेले असते. दुकानाच्या फळीवर मांडलेल्या वस्तूची किंमत दिसते. तिने वाटेत घालवलेला वेळ मात्र दिसत नाही.

वस्तूंचे जे, तेच माणसांचे. नागपूर आणि रायपूर यांच्यामधले रस्त्याचे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. नागपूर सोडले की भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडायची, मग साकोली, कोहमारा, देवरी. पुढे बाघ नदीच्या परिसरात महाराष्ट्र संपतो आणि छत्तीसगड सुरू होते. नंतर राजनांदगाव, शिवनाथेच्या काठचे दुर्ग, पोलादाचे भिलाई, आणि खारून नदी ओलांडली की रायपूर. हा रस्ता जुन्या कागदपत्रांत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ या नावाने ओळखला गेला. आजही रायपूर, दुर्ग आणि राजनांदगाव येथे लोक त्याला ‘जी. ई. रोड’ म्हणतात. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि नव्या क्रमवारीत ५३ झाला. नावे बदलली तरी वाट तीच राहिली. या वाटेवर माणूस का थांबतो, कोणासाठी थांबतो आणि थांबवलेल्या माणसाची जबाबदारी कोणावर असते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम त्या काळाकडे पाहावे, जेव्हा थांबणे हा प्रवासाचाच भाग होता.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता याच दिशेने पूर्वेकडे गेली. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरला पोचले आणि तेथील हैहयवंशी राज्य भोसल्यांच्या अंमलाखाली आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. त्यांच्याबरोबर मराठी भाषा आणि मोडी लिपी छत्तीसगडच्या दफ्तरात शिरली. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. रायपूरची मराठी वस्ती या दोन शतकांत हळूहळू साकारली. शहरातील तात्यापारा हे नाव उच्चारले तरी तिचा माग लागतो. ही सारी माणसे घोड्यावरून, मेण्यातून, बैलगाडीतून अथवा पायी आली. किती दिवस लागले हे कोणी फारसे मोजले नाही. पावसाळ्यात वैनगंगा आणि शिवनाथ भरल्या की वाट बंद होत असे. पाणी उतरेपर्यंत काठावर मुक्काम. त्या मुक्कामाला ‘उशीर’ असे कोणी म्हणत नसे, कारण उशीर होण्यासाठी आधी वेळ ठरलेली असावी लागते.

याच वाटेवरचा एक प्रवास पुढे जगाला माहीत झाला. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला होते. त्यांचे कुटुंब त्यांच्याकडे निघाले आणि त्यात चौदा वर्षांचा नरेंद्र होता. तोच पुढे स्वामी विवेकानंद झाला. तेव्हा रेल्वे नागपूरपर्यंतच होती. अलाहाबाद आणि जबलपूर मार्गे नागपूरला उतरून पुढची वाट बैलगाडीने, घनदाट अरण्यातून काटावी लागे, आणि तिला पंधरवड्याहून अधिक काळ लागला, असे चरित्रकार सांगतात. दोन डोंगरकड्यांच्या फटीत लोंबणारे प्रचंड मधाचे पोळे पाहून तो मुलगा इतका तल्लीन झाला की काही काळ त्याला देहभान राहिले नाही, ही आठवणही त्याच प्रवासातली. रायपुरात हे कुटुंब बुढापारा भागात राहिले. आज रायपूरचे विमानतळ त्याच मुलाच्या नावाने ओळखले जाते आणि नागपूरचे अंतर काही तासांवर आले आहे. बैलगाडीच्या संथ चालीने त्या मुलाला जे दिले ते वेगवान गाडीला देता येणार नाही, हे खरे. तथापि संथपणाचे गोडवे गाताना एक भेद विसरता कामा नये. गाडी हळू चालणे वेगळे आणि गाडी अडवली जाणे वेगळे. पहिल्यात वाट चालू असते. दुसऱ्यात वाट कोणाच्या तरी हातात गेलेली असते.

वाट अडली की काय होते, हेही याच प्रदेशाने पाहिले होते. छत्तीसगड भाताचे कोठार. तेथील धान्य बाहेर नेण्याचे आणि मीठ आत आणण्याचे काम दीर्घकाळ बंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे करीत. सुकाळात हे पुरे पडे, दुष्काळात पडत नसे. एकीकडे धान्य साठून राही आणि दुसरीकडे माणसे उपाशी राहत. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून ते भुकेल्यांत वाटले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आली. आजचा जयस्तंभ चौक त्यांच्या हौतात्म्याची जागा म्हणून ओळखला जातो. गोल बाजाराकडे जाणारा प्रत्येक जण त्या चौकातून जातो. धान्य अडले की ते केवळ व्यापाराचे प्रकरण राहत नाही, याची ती खूण आहे.

१८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर ते राजनांदगाव हा लहान रुळांचा लोहमार्ग झाला. छत्तीसगडचे धान्य बाहेर काढणे हा त्यामागचा एक प्रमुख हेतू होता. पुढे बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला, बिलासपूरपर्यंत नेला आणि १९०० मध्ये हावड्याशी नागपूर जोडले गेले. रेल्वेने दोन गोष्टी आणल्या, वेग आणि वेळापत्रक. वेगाचे कौतुक झाले. वेळापत्रकाने मात्र माणसाच्या मनात एक नवी भावना रुजवली. ‘गाडी लेट आहे’ हे वाक्य त्याआधी शक्यच नव्हते. थांबण्याला आता एक मोजमाप मिळाले आणि मोजमाप मिळाल्यावर जाब विचारण्याचा हक्कही जन्माला आला.

त्याच १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी घरातले आणि मासिक हिंदी. सप्रे यांनी पुढे नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला, त्यापायी तुरुंगवास सोसला आणि ‘दासबोध’ व लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. लाखे यांनी रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घातला. नागपूर आणि रायपूर यांच्यामध्ये या माणसांचे येणेजाणे इतके सहज होते की ते दोन प्रदेशांतले आहेत असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. प्रांत एकच होता, मध्य प्रांत. राजधानी एकच होती, नागपूर. उच्च न्यायालय, सचिवालय, विद्यापीठ सारे नागपुरात. रायपूरच्या माणसाला नागपूर हे परगाव होते, परराज्य नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे बदलले. भाषावार राज्यरचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी भोपाळ. नागपूरचे राजधानीपण गेले. रायपूरच्या माणसाला कामासाठी आता दुसऱ्या दिशेला जावे लागू लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य होऊन रायपूर स्वतःच राजधानी झाले. या प्रत्येक तारखेला न्याय्य कारणे होती. लोकांच्या भाषेत कारभार व्हावा, ही मागणी योग्यच होती. मराठी माणसाने तिच्यासाठी मोठा लढा दिला आणि प्राण वेचले. पण नकाशावर रेघ ओढली की ती घरांमधूनही जाते, हेही तितकेच खरे आहे.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले थोर कवी. काही वर्षे नागपुरात काढल्यावर १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतले नामवंत कवी आणि समीक्षक. त्यांचे कार्यक्षेत्र नागपूर. एकाच घरातले दोन कवी, दोन भाषा, आणि मधल्या काळात उभी राहिलेली एक राज्यसीमा. साहित्याने ती सीमा कधी मानली नाही. पण मोटारगाडीला ती मानावी लागली.

कशी मानावी लागली, हे थोडे तपशिलात पाहण्याजोगे आहे, कारण सीमेवरचा उशीर बहुतेक प्रवाशांना दैवगतीसारखा वाटतो आणि तो तसा नसतो. आपल्या कायद्यानुसार प्रवासी वाहनाला परवाना लागतो आणि तो परवाना मुळात एका राज्याचा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ८८ प्रमाणे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालण्यासाठी, काही अपवाद वगळता, त्या दुसऱ्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते. नियमित बसफेऱ्यांसाठी दोन राज्ये आपापसात करार करतात. कोणत्या मार्गावर कोणाच्या किती गाड्या धावतील, कर कोणाला द्यायचा, हे त्यात ठरते. त्याखेरीज मालावरचा विक्रीकर, वाहनावरचा कर, वनोपजाची तपासणी, वजनाची तपासणी अशा वेगवेगळ्या खात्यांची वेगवेगळी तपासणी होत असे. प्रत्येक खात्याला स्वतःचा कागद हवा आणि प्रत्येक कागदाला स्वतःची खिडकी. मालमोटारींची रांग वाढली की तिच्यामागे प्रवासी बसही अडकते, कारण रस्ता एकच.

या व्यवस्थेत प्रवासी कुठेच नाही. परवाना गाडीचा, कर मालाचा, स्वाक्षरी अधिकाऱ्याची. तपासणी प्रवाशाची नसते, पण वेळ मात्र त्याचा जातो. रात्री अडीच वाजता बस नाक्यावर थांबते, दिवे लागतात, वाहक कागद घेऊन उतरतो. किती वेळ लागेल हे प्रवाशाला कोणी सांगत नाही, कारण सांगण्याचे काम कोणाचेच नसते. मुले झोपेतून उठून पाणी मागतात. स्त्रिया खाली उतरायचे की नाही याचा विचार करत बसून राहतात, कारण अंधारात सुरक्षित आणि स्वच्छ जागा असेल याची खात्री नसते. आजारी माणूस नागपूरच्या रुग्णालयातली वेळ आठवत राहतो. नोकरीच्या मुलाखतीला निघालेला तरुण घड्याळाकडे पाहतो. या सर्वांचा मिळून किती वेळ गेला याची नोंद कोणत्याही खात्याच्या वहीत होत नाही. जो खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही, तो कमी करण्याची घाईही कोणाला नसते. सीमेवरचा उशीर वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे हे साधे कारण आहे.

ही अडचण या एकाच रस्त्याची नाही. १९५७ मध्ये लंडन ते कलकत्ता अशी एक प्रवासी बस सुरू झाली. तिचे नाव ‘इंडियामॅन’, तिकीट एका बाजूचे ८५ पौंड. १५ एप्रिलला लंडनहून निघालेली ही बस युरोप, तुर्कस्तान, इराण आणि पाकिस्तान पार करून ५ जूनला कलकत्त्याला पोचली. परतीच्या वाटेवर आशियात पसरलेल्या फ्लूच्या साथीमुळे सीमांवर अडचणी आल्या आणि बस २ ऑगस्टला, ठरल्यापेक्षा सोळा दिवस उशिरा, लंडनला पोचली. वाळवंट, पर्वतातले घाट, खराब रस्ते हे सारे वेळापत्रकात आधीच धरता येत होते. सीमेवरचा निर्णय मात्र धरता येत नव्हता. निसर्गाच्या अडथळ्याचा अंदाज बांधता येतो. माणसाने घातलेल्या अडथळ्याचा अंदाज बांधता येत नाही, कारण तो कोणाच्या मर्जीवर किंवा भीतीवर अवलंबून असतो. आणि साथ आली की सर्वांत आधी बंद होते ती सीमा, हा धडा १९५७ च्या त्या बसने जगाला दिला होता.

देशातल्या सीमा सैल करण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांचे श्रेय द्यायला हवे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकराचे तपासणी नाके अनेक राज्यांनी काही दिवसांतच उठवले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले आणि मालाचा कागद नाक्यावरून संगणकावर गेला. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग बंधनकारक झाला. परिवहन खात्याच्या तपासण्या पूर्णपणे संपल्या असे नाही, पण नागपूर–रायपूर रस्त्यावरून आज जाणाऱ्याला तीस वर्षांपूर्वीच्या रांगांची कल्पना येणार नाही. रायपुरातही पंडरीचे गजबजलेले जुने बसस्थानक २०२१ मध्ये भाठागावच्या नव्या आंतरराज्य बस टर्मिनलवर गेले. सीमा रस्त्यावरून उठून कागदात गेली, कागदातून संगणकात गेली. ती पुसली गेली, असे अनेकांना वाटले.

ती पुसली गेली नव्हती, हे २०२० च्या उन्हाळ्यात दिसले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रेल्वे थांबल्या, बस थांबल्या. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील बांधकामांवर, कारखान्यांत, हॉटेलांत काम करणारी छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, बंगालची माणसे काम गेल्यावर घराकडे निघाली. त्यांच्यातील फार मोठ्या संख्येने जो मार्ग धरला तो हाच होता. वैनगंगा, साकोली, देवरी, बाघनदी. जेथे एकेकाळी मालमोटारी थांबत, तेथे आता माणसे थांबली. काही पायी, काही सायकलवर, काही मालमोटारीच्या टपावर. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल.

२९ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढून अडकलेल्या लोकांच्या आंतरराज्य प्रवासाला परवानगी दिली. त्यातली एक अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रस्त्याने जायचे तर पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या, दोन्ही राज्यांनी परस्पर विचारविनिमय करून संमती द्यावी. साथीच्या काळात अशी अट घालण्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. पण तिचा अर्थ काय झाला? ज्या प्रतिस्वाक्षरीची गरज आजवर गाडीच्या परवान्याला होती, ती आता माणसाला लागू झाली. स्वतःच्या देशात, स्वतःच्या गावी जाण्यासाठी माणसाला दोन राज्यांची मान्यता हवी होती. मे महिन्यात महाराष्ट्राच्या एस.टी. गाड्यांनी या माणसांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत पोचवले. सीमेपलीकडे छत्तीसगड शासनाने बसची व्यवस्था केली. ‘सीमेपर्यंत’ हा शब्द त्या दिवसांत वारंवार ऐकू आला. एका राज्याची जबाबदारी जेथे संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते, अशी काही पावलांची जागा असते. मे महिन्याच्या उन्हात माणसे त्या जागेवर बसून होती.

त्या जागेवर सर्वच काही वाईट घडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रायपूरच्या वेशीवरील टाटीबंध चौकात नागरिकांनी, गुरुद्वाऱ्याने, सामाजिक संस्थांनी दिवसरात्र अन्नछत्र चालवले. पाणी, चपला, औषधे दिली गेली आणि तेथून पुढच्या राज्यांकडे बसगाड्या निघाल्या. जे लोक तेथे थांबले त्यांची भाषा कोणती, राज्य कोणते, हे वाढणाऱ्याने विचारले नाही. गावोगावी शाळांच्या इमारती विलगीकरण केंद्रे झाल्या. परतलेला मजूर आपल्या गावात आला, पण घरी नव्हे. आधी शाळेत. ज्या वर्गात तो कधी काळी बसला होता, कदाचित जी शाळा त्याने अर्ध्यात सोडली होती, तिच्याच फरशीवर त्याने चौदा दिवस काढले. शाळा ही इमारत गावाच्या मालकीची सर्वांत विश्वासाची जागा असते, हे त्या काळात प्रशासनालाही मान्य करावे लागले.

मात्र सर्वांना तेवढेही मिळाले नाही. त्याच एप्रिलमध्ये बस्तरमधील बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतांवरून सोबत्यांबरोबर पायी घरी निघाली. मुख्य रस्ते टाळून, जंगलातून, तीन दिवस. घर थोड्याच अंतरावर राहिले असताना तिचा वाटेतच अंत झाला. बारा वर्षे हे सहावी-सातवीचे वय. तिला थांबवणारा कोणी एक अधिकारी नव्हता, कोणी एक नियम नव्हता. तिला घेऊन जाणारेही कोणी नव्हते. नरेंद्र दत्त चौदा वर्षांचा असताना रायपूरच्या वाटेवर पंधरवडा अरण्यातून गेला. त्याच्यासोबत आई होती, गाडी होती, वाट पाहणारे वडील होते. त्यांच्यामधल्या १४३ वर्षांत रस्ता झाला, रेल्वे झाली, महामार्ग झाला. तरी एका मुलीच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. प्रगती झाली नाही, असा याचा अर्थ नाही. प्रगतीची वाट ज्यांच्यासाठी खुली असते त्यांच्यात आपले मूल आहे, एवढ्यावर समाधान मानू नये, असा आहे.

थांबणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. ज्याच्याकडे विमानाचे तिकीट आहे तो बाघनदीला थांबत नाही. ज्याच्याकडे स्वतःची मोटार आहे तो थांबला तरी काच वर करून थांबतो. बसमधला प्रवासी अधिक थांबतो, मालमोटारीचा चालक त्याहून अधिक, आणि पायी चालणारा सर्वांत अधिक. ज्याच्याजवळ वेळेखेरीज काही नाही, त्याचाच वेळ सर्वांत स्वस्त धरला जातो.

यावर उपाय मोठे नाहीत आणि अवघडही नाहीत. सीमेवर तपासणी आवश्यक असेल तर ती करावी. पण ती किती वेळात पूर्ण होणार हे तेथे लिहिलेले असावे. प्रवासी गाडीची रांग मालाच्या रांगेपासून वेगळी असावी. स्त्रियांसाठी उजेडातले, स्वच्छ प्रसाधनगृह असावे. पिण्याचे पाणी आणि सावली असावी. प्रवाशाला माहिती देणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे. आणि दोन राज्यांच्या जबाबदाऱ्यांमध्ये मोकळी जागा राहू नये. एकाचा हात सुटण्याआधी दुसऱ्याचा हात पोचलेला असावा. लहान मुलाला रस्ता ओलांडवताना प्रत्येक आई हेच करते.

शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय का, असा प्रश्न येथे बसलेल्या एखाद्या पालकाच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर साधे आहे. साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेली मुले कुठे कुठे गेली याचा विचार करावा. कोणी रायपूरला, भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोणी बंगळुरूला, कोणी परदेशी. प्रत्येकाने कोणती ना कोणती सीमा ओलांडली आहे, कोणत्या ना कोणत्या खिडकीसमोर कागद घेऊन उभा राहिला आहे. शाळेने त्यांना भूगोलाच्या तासाला नकाशा शिकवला. राज्यांच्या सीमा तुटक रेघेने आणि देशाच्या सीमा जाड रेघेने काढायला शिकवले. त्या रेघेवर उभे राहिल्यावर माणसाचे काय होते, हे नकाशात नसते. ते शिकवण्याची जागाही शाळाच आहे.

आणि भाषेच्या बाबतीत या शाळेने ते शिकवलेही आहे. मराठीतून शिकलेला मुलगा सीमेपलीकडे गेल्यावर दुसऱ्या भाषेत थांबत नाही. सप्रे, लाखे, चिंचोलकर थांबले नाहीत. मुक्तिबोध बंधू थांबले नाहीत. आपली भाषा पक्की असली की दुसरी भाषा अडसर होत नाही, तिचा पूल होतो. मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घातल्याने ते मागे राहील का, ही आजच्या पालकाची खरी चिंता आहे आणि तिची थट्टा करता येणार नाही. तिला उत्तर भाषणाने मिळत नाही. ते या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या आयुष्याने मिळते, आणि ते त्यांनी पालकांना मोकळेपणी सांगावे, अडचणींसकट सांगावे. या महोत्सवाचा तो सर्वांत उपयोगी कार्यक्रम ठरेल.

गोल बाजारात आजही सकाळी दुकाने उघडतात. हळद, कुंकू, नारळ, मसाले, टोपल्या मांडल्या जातात. त्यातली प्रत्येक वस्तू कोणत्या तरी वाटेने आली आहे आणि तिच्यासोबत कोणी तरी रात्र जागून आले आहे. दुकानदार भाव सांगतो, गिऱ्हाईक घासाघीस करते. त्या भावात वाटेवर थांबलेल्या माणसाचा वेळ मात्र कोणी धरत नाही. तो धरायला शिकणे, एवढेच या व्याख्यानाचे मागणे आहे. पुढच्या वेळी बस सीमेवर थांबली आणि शेजारच्या बाकावरचे मूल पाणी मागू लागले, तर आपल्या पिशवीतली बाटली पुढे करावी. मग खाली उतरून, किती वेळ लागणार आहे, असे शांतपणे पण ठामपणे विचारावे. पाणी देणे हे माणुसकीचे काम आहे आणि प्रश्न विचारणे हे नागरिकत्वाचे. शाळा ही दोन्ही शिकवते, आणि साठ वर्षे तिने तेच केले आहे.